क्रिप्टोने काजू घ्यायचे तर पडद्यामागे काय काय व्हावं लागतं

गोव्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात हळसांदे नि सोलां घेऊन बसलेल्या बाईसमोरही आता क्यूआर कोडचा पुठ्ठा उभा असतो, आणि तिकडे हणजूण-हरमलच्या बाजूला तर एखादा गोरा पाहुणा काजूच्या दुकानात सरळ विचारतो की बिटकॉइन चालेल का, यूएसडीटी घेता का, म्हणजे क्रिप्टो, नुसती कॉम्प्युटरवर चालणारी नाणी. दुकानदार हसतो, मान हलवतो, पाहुणा एटीएम शोधायला जातो, विषय संपला. पण समजा दुकानदाराला हो म्हणायचंय, तर काय लागेल? ॲप डाउनलोड केलं की झालं असं क्रिप्टोवाले सांगतात, मला ते अर्धंच पटतं. कारण पेमेंट "सोपं" होतं म्हणजे त्यातली कटकट गायब होत नाही, ती फक्त दुसऱ्या कोणाच्या तरी डोक्यावर जाते. कोणाच्या डोक्यावर गेली, तो किती घेतो आणि उद्या तो पळाला तर काय, एवढं कळलं की क्रिप्टो पेमेंट बऱ्यापैकी कळलं.

आधी मोजपट्टी ठरवू, आणि आपल्याकडे ती यूपीआयचीच असणार, इलाज नाही. यूपीआय २०१६ च्या एप्रिलमध्ये आलं, त्याच नोव्हेंबरात नोटाबंदी झाली, आणि जानेवारी २०२० पासून साध्या यूपीआय पेमेंटवर दुकानदाराकडून एमडीआर, म्हणजे ते कार्डवाल्या मशीनवर कापतात तसलं कमिशन, घ्यायचंच नाही असं सरकारने ठरवलं. दुकानदाराला काय दिसतं? गिऱ्हाईक स्कॅन करतं, काउंटरवरची पेटी मोठ्याने सांगते की अठराशे रुपये प्राप्त झाले, आणि हा पुढच्या गिऱ्हाइकाचे काजू तोलायला मोकळा. मागे दोन बँका, यूपीआय चालवणारी एनपीसीआय ही संस्था, ॲपवाला असे सगळे राबत असतात, पण त्याला त्यातलं काही दिसत नाही आणि बघायचंही नसतं. क्रिप्टोला म्हापशाच्या बाजारात उभं राहायचं असेल तर निदान इथपर्यंत पोचावं लागेल.

आता तेच अठराशे रुपयांचे काजूगर बिटकॉइनने घेऊन बघू. बिटकॉइन म्हणजे मुळात जगभरच्या हजारो कॉम्प्युटरांवर एकाच वेळी ठेवलेली हिशोबाची वही, जानेवारी २००९ पासून चालू. तिच्यात तुमचं नाव नसतं, एक पत्ता असतो, अक्षरं-आकड्यांची लांबलचक माळ. त्या पत्त्यावरचे पैसे हलवायला एक गुप्त किल्ली लागते, ती ज्याच्याकडे पैसे त्याचे, बस. तुम्ही "या पत्त्यावरून त्या पत्त्यावर एवढे" असा आदेश किल्लीने सही करून सोडता, मायनर लोक असे आदेश गोळा करून साधारण दर दहा मिनिटांनी वहीत एक नवीन पान जोडतात, त्याला ब्लॉक म्हणायचं. तुमचा आदेश पानात आला की पेमेंट झालं म्हणता येतं, रक्कम मोठी असेल तर शहाणा माणूस वर आणखी काही पानं पडेपर्यंत थांबतो.

इथेच काजूवाल्याची पंचाईत. दहा मिनिटं हे सरासरी आहे, कधी दोन मिनिटांत होईल, कधी अर्धा तास लागेल, आणि गिऱ्हाईक पिशवी धरून उभं. त्यात एका पानावर जागा मोजकी, सगळं मिळून सेकंदाला सात-आठच्या आसपास व्यवहार मावतात, त्यामुळे गर्दी झाली की जो जास्त फी देईल त्याचा नंबर आधी. स्टीम म्हणजे कॉम्प्युटर गेम विकणारं मोठं दुकान, त्यांनी २०१६ मध्ये बिटकॉइन घ्यायला सुरुवात केली तेव्हा फी वीस सेंटच्या आसपास होती, डिसेंबर २०१७ मध्ये ती वीस डॉलरला टेकली आणि त्यांनी कंटाळून बंद केलं. शिवाय ही फी रकमेवर नसते, व्यवहार वहीत किती जागा खातो त्यावर असते, म्हणजे बंगला घ्या नाहीतर चणे घ्या, फी तेवढीच. बंगलेवाल्याला काही वाटत नाही, चणेवाला मेला.

यावरचा उपाय म्हणजे लायटनिंग नेटवर्क, २०१८ पासून लोक खरोखर वापरतायत, आणि सोप्या पेमेंटची सगळी मजा इथे आहे म्हणून इथे जरा थांबू. वाण्याकडची महिन्याची वही आठवा. रोज साखर-चहा नेता, वाणी लिहून ठेवतो, महिन्याच्या शेवटी एकदाच पैसे. लायटनिंगमध्ये दोघं जण आधी थोडे बिटकॉइन एका सामायिक खात्यात अडकवून ठेवतात, ही एक नोंद मोठ्या वहीत जाते, मग आपसात कितीही वेळा "आता तुझे इतके, माझे इतके" अशा सह्या करत राहतात, त्या मोठ्या वहीत जातच नाहीत, शेवटचा आकडा फक्त जातो. फरक एवढाच की ही उधारी नाही, पैसे आधीच अडकलेले असतात आणि कोणी जुना आकडा दाखवून फसवायला गेलं तर समोरच्याला सगळीच रक्कम उचलून घ्यायची सोय असते. या जोड्यांना चॅनेल म्हणतात. माझं-तुमचं थेट चॅनेल नसलं तरी माझं तिसऱ्याशी आणि त्याचं तुमच्याशी असेल तर पैसे त्या वाटेने येतात.

काउंटरवर ते दिसतं कसं ते सांगतो. काजूवाला त्याच्या ॲपमध्ये १८०० रुपये टाकतो. सोप्या हिशोबासाठी एक बिटकॉइन एक कोटी रुपयांचा धरू. एका बिटकॉइनचे दहा कोटी तुकडे, त्यांना सातोशी म्हणतात, म्हणजे एक रुपया बरोबर दहा सातोशी आणि आपलं बिल १८,००० सातोशी. ॲप लगेच एक क्यूआर बनवतं, त्यात रक्कम असते, तो किती वेळ चालेल ते असतं, आणि ॲपने तेवढ्यापुरता तयार केलेल्या एका गुपित आकड्याचा ठसा असतो, आकडा नाही, फक्त ठसा. गिऱ्हाईक स्कॅन करतं, पैसे मधल्या दोन-तीन जणांच्या हातून निघतात, पण त्या गुपित आकड्याशिवाय कोणालाच ते खिशात घालता येत नाहीत, आणि तो फक्त दुकानदाराच्या ॲपकडे. त्याचं ॲप पैसे घेताना आकडा उघड करतं, तोच आकडा उलट वाटेने एकेकाला त्याचा हिस्सा मोकळा करत गिऱ्हाइकापर्यंत पोचतो, आणि गिऱ्हाइकाकडे तो पावती म्हणून राहतो. हे सगळं बहुतेक वेळा एक-दोन सेकंदांत, फी सहसा किरकोळ. मधल्याला चोरी करता येत नाही, कोणावर विश्वास ठेवावा लागत नाही, मला तरी ही कल्पना फार आवडते, ज्याने कोणी काढली त्याला मानलं.

पण (पण आहेच) नवीन दुकानदाराला लायटनिंगवर पैसे घेताच येत नाहीत, जोपर्यंत कोणीतरी त्याच्या दिशेने पैसे अडकवून चॅनेल उघडत नाही. मी माझे पैसे अडकवले तर मला देता येतील, घ्यायला समोरच्याचे अडकलेले हवेत. काजूवाल्याला हे समजावून बघा, तो तुम्हाला पाणी देऊन घरी पाठवेल. म्हणून मग कंपन्या येतात, आम्ही तुमच्याकडे चॅनेल उघडतो, थोडं कमिशन द्या, किंवा त्याहून सोपं, पैसे आमच्याच खात्यात ठेवा, तुम्हाला फक्त आकडा दिसेल. म्हणजे कटकट कंपनीकडे गेली आणि त्याबरोबर पैशांची किल्लीसुद्धा गेली.

किल्लीचं ऐकताना गोंयकाराने जरा जास्त कान टवकारावेत. मुक्तीआधी आपल्या लोकांनी बांकू नासियोनाल उल्त्रामारिनो या पोर्तुगीज बँकेत दागिने तारण ठेवले होते, १९६१ ला राज्य बदलायच्या सुमारास ते सोनं लिस्बनला गेलं आणि परत यायला १९९१ उजाडलं. सोनं ज्यांचं ते इथे, तिजोरी तिकडे. एक्स्चेंजवर, म्हणजे क्रिप्टो घ्यायच्या-विकायच्या ऑनलाइन बाजारावर, किंवा कंपनीच्या वॉलेटमध्ये, म्हणजे क्रिप्टो ठेवायच्या ॲपमध्ये, ठेवलेलं क्रिप्टो तसंच, स्क्रीनवर आकडा तुमचा, किल्ली त्यांची. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजमधून साधारण तेवीस कोटी डॉलरची चोरी झाली आणि लाखो लोकांचे पैसे वर्षभराहून जास्त अडकून पडले. उलट किल्ली स्वतःकडे ठेवायची तर बहुतेक वॉलेटं बारा किंवा चोवीस इंग्रजी शब्द लिहून घ्यायला सांगतात, तो कागद पावसाळ्यात भिजला, कोणी फोटो काढून नेला, की संपलं. इथे पासवर्ड विसरलो म्हणून फोन करायला ब्रँच नसते. आता काही वॉलेटं किल्ली फोनच्या फिंगरप्रिंटमागे लपवतात, घरच्या दोन-तीन माणसांच्या संमतीने खातं परत मिळायची सोय देतात, इथेरियम या बिटकॉइनसारख्याच दुसऱ्या नेटवर्कवर २०२३ पासून अशी हुशार खाती बनवायची एक सामायिक पद्धत चालू आहे. दिशा बरोबर वाटते. अठराशे रुपयांच्या विक्रीसाठी कोणी चोवीस शब्द सांभाळत बसणार नाही.

भावाचं दुखणं सगळ्यांना माहीत आहे म्हणून थोडक्यात. आज घेतलेले १८,००० सातोशी उद्या सकाळी पाच टक्के पडले तर १७१० रुपयांचे झाले, काजूच्या धंद्यात तेवढं गेलं तर मार्जिनला मोठं भगदाड. क्रिप्टोवाले म्हणतात की अहो वाढू पण शकतं की! वाढेल हो, पण होलसेलवाला, दुकानाचं भाडं, वीजबिल, पोरीची फी, सगळं रुपयात. आपल्या आजीच्या पिढीने पोर्तुगीज रुपिया पाहिला, मग एस्कुदो पाहिला, मग भारतीय रुपया, आणि दुकानं चालूच राहिली, कारण तेव्हा भाडं, पगार, कर, होलसेल सगळंच नव्या चलनात गेलं. एकट्या दुकानदाराने चलन बदलून काही होत नाही. त्यामुळे ज्याला खरंच सोपं करायचंय त्याने गिऱ्हाइकाचं क्रिप्टो घ्यायचं आणि दुकानदाराला त्याच क्षणी त्याच्या देशाचं चलन द्यायचं, भावाची जोखीम मधल्याने अंगावर घ्यायची. बाहेरच्या देशांत पेमेंट कंपन्या हेच करतात, दुकानदाराला डॉलर किंवा युरो दिसतात, बिटकॉइन दिसतच नाही.

दुसरा मार्ग स्टेबलकॉइन, म्हणजे यूएसडीटी, यूएसडीसी वगैरे, एक नाणं एका डॉलरला बांधलेलं, त्यामागे कंपनीने डॉलर आणि सरकारी रोखे ठेवलेत असं असतं. अमेरिकेने जुलै २०२५ मध्ये यासाठी स्वतंत्र कायदाच केला. पण सगळे बांधलेले दोर सारखे नसतात, टेरायूएसडी नावाचं एक नाणं डॉलर न ठेवता नुसत्या गणिताने भाव टिकवत होतं, मे २०२२ मध्ये काही दिवसांत मातीमोल झालं, आणि यूएसडीसीसारखं बऱ्यापैकी भरवशाचं नाणंसुद्धा मार्च २०२३ मध्ये त्यांचे पैसे असलेली एक अमेरिकन बँक बुडाली तेव्हा दोन-तीन दिवस डॉलरच्या खाली, नव्वद सेंटच्याही खाली जाऊन आलं.

आणि स्टेबलकॉइनमध्ये एक असा घोळ आहे जो नवख्याला हमखास नडतो. यूएसडीटी नाव एकच, पण ते ट्रॉनवर असतं, इथेरियमवर असतं, आणखी कितीतरी नेटवर्कवर असतं. पाहुणा विचारतो कुठल्या नेटवर्कवर पाठवू, दुकानदार म्हणतो कुठल्याही पाठव बाबा, आणि पैसे अशा ठिकाणी जातात जिथे दुकानदाराचं ॲप बघतच नाही. वर आणखी गंमत, यूएसडीटी पाठवायला फी त्या नेटवर्कच्या स्वतःच्या नाण्यात लागते, ट्रॉनवर टीआरएक्स, इथेरियमवर इथर, म्हणजे खिशात पाचशे डॉलर असून सुटे वेगळ्या नाण्याचे नाहीत म्हणून पैसे हलत नाहीत. हे असलं गिऱ्हाइकाला कळायची गरजच काय? चांगल्या ॲपने क्यूआरमध्येच नेटवर्क, रक्कम, पत्ता सगळं भरायला हवं, चुकीचं निवडताच येऊ नये, आणि फी पाठवलेल्या नाण्यातूनच कापावी. तांत्रिक दृष्ट्या हे आज शक्य आहे. सगळ्या वॉलेटांनी एकाच पद्धतीचा क्यूआर मानायचा, तिथे घोडं अडलंय. यूपीआयमध्ये कुठल्याही ॲपने कुठलाही क्यूआर चालतो कारण नियम एकाने ठरवले आणि बाकीच्यांना पाळावे लागले, क्रिप्टोत नियम ठरवणारा कोणी नाही याचाच तर अभिमान आहे.

परत करायचं काय? काजू खवट निघाले, पाहुणा दुसऱ्या दिवशी भांडायला आला. वहीत एकदा गेलेली नोंद मागे फिरत नाही, कार्डासारखं बँकेला सांगून पैसे ओढून घेता येत नाहीत. दुकानदाराला हे बरंय, गिऱ्हाइकाला नाही. रिफंड द्यायचा झाला तर तो नवा उलटा व्यवहार, आणि तोही रुपयाच्या हिशोबाने की सातोशीच्या? भाव मध्ये हलला असेल तर दोघांतला एक जण नक्की चिडणार, म्हणून बिलावर रुपयातली रक्कम छापलेली असणं आणि रिफंड रुपयाच्या आकड्यावर ठरेल असं आधीच सांगणं, एवढं साधं काम कुठलंही ॲप करू शकतं. दुकानदारालाही एक सांगायला हवं, गिऱ्हाइकाने त्याच्या फोनवर दाखवलेलं "पाठवलं" याला काही अर्थ नाही, स्वतःच्या ॲपवर आलं का ते बघायचं. यूपीआयच्या खोट्या स्क्रीनशॉटने पोळलेल्यांना हे वेगळं शिकवायला नको.

सरकारनेच लादलं तर? एल साल्वादोर या देशाने ते करून बघितलं. सप्टेंबर २०२१ मध्ये बिटकॉइन अधिकृत चलन केलं, चिवो नावाचं सरकारी वॉलेट काढलं, ते घेणाऱ्याला तीस डॉलर फुकट, दुकानदाराला हवे तर लगेच डॉलर. लोकांनी ॲप घेतलं, तीस डॉलर खर्च केले आणि बहुतेकांनी परत उघडलं नाही, कारण त्यांच्याकडे आधीपासून डॉलर होते आणि नव्याने काही सुटत नव्हतं. जानेवारी २०२५ मध्ये, नाणेनिधीकडून १.४ अब्ज डॉलरचं कर्ज घेताना, दुकानदारांवरची सक्ती काढून टाकली. तंत्र सोपं केलं तरी वापरायला कारण लागतं. ज्या देशात चलन कोसळतंय किंवा बँकेत खातं मिळत नाही तिथे ते कारण आहे, म्हापशात मला ते फक्त परदेशी पाहुण्यापुरतंच दिसतं.

आता आपल्या कायद्याकडे येऊ, कारण सगळ्यात हुशार ॲपलाही जे लपवता येत नाही ते इथे आहे. भारतात क्रिप्टो बाळगायला बंदी नाही. रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये बँकांना क्रिप्टोवाल्यांना सेवा देऊ नका असं सांगितलं होतं, ते सुप्रीम कोर्टाने मार्च २०२० मध्ये रद्द केलं. पण ते चलनही नाही, कायद्याच्या भाषेत ती आभासी डिजिटल मालमत्ता. म्हणजे तुम्ही बिटकॉइनने काजू घेता तेव्हा कायद्याला दिसतं की तुम्ही मालमत्ता विकली. एप्रिल २०२२ पासून अशा नफ्यावर सरळ ३० टक्के कर आणि वर सेस, खरेदी किंमत सोडून कसलीही वजावट नाही, एकीकडचा तोटा दुसरीकडे वळता करता येत नाही. आपलंच उदाहरण घ्या: ते १८,००० सातोशी तुम्ही भाव निम्मा असताना ९०० रुपयांना घेतले होते, आज १८०० च्या काजूत दिले, नफा ९००, त्यावर कर २७० आणि चार टक्के सेस धरून २८० रुपये ८० पैसे. काजू पडले दोन हजार ऐंशीला. चहा, पाव, पेट्रोल प्रत्येक वेळी हाच हिशोब मांडायचा, पहाटे सायकलवर येणाऱ्या पोदेराकडून पाव घेतले तरी!

दुकानदाराचीही सुटका नाही. जुलै २०२२ पासून अशा व्यवहारांवर एक टक्का टीडीएस आहे, आणि माल देऊन क्रिप्टो घेणारा दुकानदार कायद्याच्या नजरेत क्रिप्टोचा खरेदीदार होतो, तेव्हा विकणारा इथला रहिवासी असेल आणि वर्षाची रक्कम ठरलेल्या मर्यादेच्या वर गेली, काहींना ती पन्नास हजार आहे, बाकीच्यांना दहाच हजार, तर कर भरला गेलाय याची खात्री करूनच माल सोडायचा असतो. मिळालेलं क्रिप्टो त्या दिवशीच्या भावाने विक्रीत धरायचं, त्यावर जीएसटी नेहमीसारखा रुपयात, आणि नंतर ते विकताना भाव वाढला असेल तर परत तो ३० टक्केवाला हिशोब. पाहुणा परदेशी असला की त्यात परकीय चलनाचे नियम येतात, तिथे सीएला विचारल्याशिवाय काउंटरवर बोर्ड लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणून सध्या हरमलच्या त्या पाहुण्याला सांगायचं तर दोन वाटा आहेत. परदेशी प्रवाशांसाठी २०२३ पासून यूपीआय वन वर्ल्ड नावाची सोय आहे, पासपोर्ट आणि व्हिसा दाखवून प्रीपेड वॉलेट काढायचं, त्यात आपलं चलन देऊन रुपये भरायचे, मग तो कुठल्याही दुकानाचा क्यूआर स्कॅन करू शकतो, दुकानदाराला काही नवीन घ्यायला लागत नाही. दुसरी वाट म्हणजे त्याने आपलं क्रिप्टो त्याच्या देशात, त्याच्या कायद्याप्रमाणे विकून कार्डावर पैसे आणायचे, काही कंपन्या तसली कार्डंही देतात, आणि इथे कार्ड घासायचं. दोन्हीत काजूवाल्याला रुपयेच मिळतात.

रिझर्व्ह बँकेचा डिजिटल रुपयाही आहे, डिसेंबर २०२२ पासून सामान्य लोकांसाठी प्रायोगिक चालू, तो यूपीआयच्याच क्यूआरवर चालतो. तंत्र थोडं क्रिप्टोसारखं, पण रुपया तो रुपयाच, भाव हलत नाही आणि खर्च केला म्हणून मालमत्ता विकल्याचा कर लागत नाही. त्याचा मला खरा उपयोग वाटतो तो ऑफलाइनसाठी, फोन फोनला टेकवून नेट नसताना पैसे द्यायचे. सत्तरी तालुक्यातल्या गावांत पावसाळ्यात रेंज गेली की यूपीआयची पेटी गप्प बसते, तिथे हे नीट चाललं तर लोक वापरतील, क्रिप्टो आहे की नाही हे न विचारता.